गादीचं झबलं

तुझ्या हातून आजवर किती गाद्या गेल्या, असं टाकेवालीला कुणी विचारलं की ती म्हणायची, "माझ्या डोक्यावरचे केस मोजा, तेवढ्या. आता केस विरळ झालेत, तेव्हा थोड्या जास्तच धरा."

गाद्यांच्या कारखान्यात ती टाके घालायला होती. खाली कापूस पिंजला जायचा आणि वरच्या लांबलचक खोलीत बायका ओळीने बसायच्या. पुढ्यात गादी, हातात वीतभर दाभण. वरून खुपसायचं, खालून ओढायचं, दोरा आवळायचा, गाठ मारायची. मालक मधून फिरायचा तो एकच शब्द बोलत, "आवळा! आवळा!" टाका आवळला की कापूस जागचा हलत नाही, गादी वर्षानुवर्षं टिकते. मात्र तिच्यावर झोपणाऱ्याला ती फळीसारखी लागते. पण झोपणारा काही मालकाला भेटायला येत नसे.

टाकेवाली डावरी. म्हणून तिची गाठ बाकीच्यांच्या गाठीपेक्षा उलट्या अंगाला कलायची. कोपऱ्यातली गाठ चाचपली की ती डोळे मिटून सांगायची, ही माझी, ही नाही. घरातल्या, नात्यातल्या, ओळखीतल्या सगळ्या गाद्या तिनेच शिवलेल्या. लग्न झालं की गादी, बाळ झालं की गादी. कुणी "काय आणू गं?" असं तिला विचारलंच नाही कधी. गादी आणणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

चाळीस वर्षं मान खाली घालून बसल्यावर व्हायचं ते झालं. डावा खांदा धरला, कंबर धरली. कुशीवर वळलं की खुब्याचं हाड गादीला टोचायचं आणि गादी हाडाला. डॉक्टर म्हणाले, "आजी, कडक गादीवर झोपत जा."

"डॉक्टर," ती म्हणाली, "कडक गाद्याच शिवल्यात मी जन्मभर. त्यांच्यात काय असतं ते मला नका सांगू."

आणि काम सुटल्यावर तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी गादी करायला घेतली. तीन वर्षं लागली. कालव्याच्या रस्त्याला सावरीची झाडं होती. त्यांची बोंडं पडली की ती पिशवी घेऊन जायची, खाली बसायला जमत नाही म्हणून काठीला खिळा ठोकून एकेक बोंड टोचून उचलायची. गच्चीत बसून सरकी काढायची. रेशमासारखा तो कापूस घरभर उडायचा, डाळीत पडायचा, चहात पडायचा. नवरा शिंकून शिंकून बेजार. खाली साधा कापूस आणि वर चार बोटं सावरी. टाके मोजके, सैल, नुसते कापसाला धरून ठेवण्यापुरते. दोऱ्याने कापड कापू नये म्हणून प्रत्येक टाक्याखाली तिने जुन्या फलाणीच्या जाकिटाची लाल गोल चकती कापून लावली. सात ओळी, ओळीत चार. अठ्ठावीस चकत्या.

ती गादी अंगाखाली आली आणि टाकेवालीला कळलं की लोक झोपेला सुख का म्हणतात. ती पडली की गादी तिला आत घ्यायची. खांदा आत, खुबा आत. दुपारी पडल्या पडल्या तिचा अंगठा आपोआप एखादी चकती शोधायचा आणि तिच्यावर फिरत राहायचा. तेवढ्यात डोळा लागायचा.

एकदा तिची नणंद आली होती. नवऱ्याची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर भावाला हिनेच न्हाऊमाखू घालून वाढवलेला, म्हणून घरात तिचा शब्द खाली पडत नसे. दोन गल्ल्या पलीकडे एकटीच राहायची. "बघू तरी तुझं सिंहासन," म्हणत ती गादीवर आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.

"अगं, हिच्यावर मेलं तरी कळायचं नाही माणसाला."

"वन्सं, मला हिच्यावर जगायचंय. तुम्ही मरणाचं काय काढलंत?"

दोघी हसल्या. पुढे वन्सं न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा टाकेवाली रोज डबा घेऊन जायची. वन्सं कण्हायच्या, म्हणायच्या, "गादी नाही ही, पायरी आहे पायरी." ती गादीही टाकेवालीनेच शिवलेली, कारखान्यातली, वीस वर्षांपूर्वीची, मालकाच्या आवाजासकट आवळलेली.

त्याच सुमारास टाकेवालीच्या लेकीने घर बदललं. सामान लावायला म्हणून ही आठ दिवसांसाठी गेली. आठाचे दहा झाले. आठव्या दिवशी लेक म्हणाली, "आई, राहा की अजून दोन दिवस," आणि ही राहिली. लेकीला आपली माया दाटून आली असं तिला वाटलं.

परत आली तर घर लख्ख. नवरा दारातच उभा. हा माणूस घड्याळं दुरुस्त करणारा. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून बसलेला. घड्याळातला केसाएवढा काटा त्याला दिसायचा, पण घरातली नवी चादर दिसायची नाही. तर हाच माणूस तिला हाताला धरून खोलीत घेऊन गेला.

"बघ. तुझ्या गादीला पॅड आणलं."

"कसलं पॅड?"

"गादीवर घालायचं. चारी बाजूंनी इलॅस्टिक असतं. माझ्या हातून चहा सांडता सांडता राहिला परवा. म्हटलं, सावरीला ओल चालत नाही. तुझी एवढी मेहनत."

गादी पार दिसेनाशी झाली होती. वर जाडजूड पांढरं पॅड, त्याची झालर पलंगाच्या पाट्यांपर्यंत ओढलेली, वर धुतलेली चादर. टाकेवाली पॅडकडे बघत राहिली आणि तिला हसू आलं. "हे तर गादीला झबलं घातलंत तुम्ही!" असं म्हणाली खरी, पण आतून भरून आलं होतं. एकोणचाळीस वर्षांत या माणसाने तिच्या अंथरुणाचा विचार पहिल्यांदा केला होता. लेकीला तिने फोन करून सांगितलं. शेजारणीला बोलावून दाखवलं.

दुपारी ती आडवी झाली आणि खुब्याला टणक लागलं. कुशीवर वळली तर खालून कागदासारखं चुरचुरलं.

"अहो, हे टोचतंय."

"नवीन आहे. सवय होईल."

चौथ्या दिवशी खांदा उचलेना. तिने झबलं काढायला सांगितलं, ती स्वयंपाकघरात असतानाच नवऱ्याने ते स्वतः काढलं, गादीवर लगेच चादर पसरली, स्वतः घडी घातली. ती म्हणे, तोवर नुसत्या गादीवर पडते, तर हा म्हणाला, "आत्ताच जाऊन बदलून आणू. चल, मीही येतो." कापडाच्या दुकानाबाहेर सायकलचं कुलूप न्याहाळत उभं राहायची ज्याची रीत, तो माणूस आज दुकानात पुढे शिरला. मदत करणारा नवरा कुणाला नको असतो? तिने चपला घातल्या.

दुकान एका बाईंचं होतं. ठेंगणी, गोरटेली, चष्मा केसांत खोचलेला आणि तोच शोधत फिरणारी. टाकेवालीने काउंटरवर झबलं पसरलं.

"हे बघ बाई. बोटाबोटावर टाका मारलाय. टाका जवळ आला की आतला कापूस कोंडतो, त्याला दबायला जागाच नाही. त्यात खाली प्लॅस्टिक. आणि कडेचं इलॅस्टिक एवढं आवळलंय की वरून ढोल झालाय नुसता. मी गादीवर झोपतच नाही. ढोलावर झोपते."

"काकू, वाजवून तर नाही ना आणलात?"

"वाजतोच तो! कूस बदलली की शेजारी जागे होतात."

दुकानदारीण हसली. वापरलेला माल परत घेत नाही असं तिने भिंतीवर लिहून ठेवलं होतं, तरी घेतला. वर म्हणाली, "गादीचं एवढं कळतं तर तुम्हीच निवडा." टाकेवाली निवडायच्या आधीच नवऱ्याने वरच्या फळीवरचं एक ओढलं. स्पंजचं होतं, चार बोटं जाड. त्याने त्यावर तळवा ठेवला, भार दिला, उचलला, पुन्हा दिला. घड्याळाची स्प्रिंग तपासावी तसं.

"बघ, हात कसा आत जातो. हेच घे."

"गरम होईल हे. आणि एवढं जाड घातलं तर खालच्या गादीचा काय उपयोग? वरचं झबलंच झोपवणार मला."

"अगं, एकावर एक मऊ. आणखी काय हवं?"

त्याचा उत्साह तिला मोडवला नाही. घेतलं. घरी आल्यावर त्यानेच घातलं. "तुझी कंबर आहे, तू कोपरे उचलू नकोस," म्हणाला, आणि तिला चहा ठेवायला पाठवलं.

पहिले दोन दिवस बरे गेले. मग स्पंज दबला आणि हाड थेट खाली जाऊन आपटायला लागलं. वर घामाने पाठ ओली. आता मात्र टाकेवालीच्या मनात पाल चुकचुकली. गादीच बसली की काय? सावरी एवढ्यात बसेल? ती हळूच वाकली, झालरीखाली हात घातला आणि कोपऱ्यातली गाठ चाचपली. गाठ उलट्या अंगाला कललेली होती.

नवरा दारात येऊन उभा होता. "काय शोधतेस?"

"गाठ बघत होते."

"मग?"

"माझीच आहे."

"मग झालं तर," तो म्हणाला. पुढे होऊन झालर पुन्हा खाली ओढली. मग म्हणाला, "बस तू. आज चहा मी करतो." आणि खरंच केला.

गादी आपली आहे म्हटल्यावर खोट झबल्यात. ती वन्संकडे डबा घेऊन गेली तेव्हा हेच सांगत बसली. वन्संचा पलंग आताशा भलत्या मोठ्या चादरीने झाकलेला असायचा, चादर खाली फरशीला टेकायची. टाकेवाली खुर्चीत बसायची, पलंगावर बसली तर वन्संच्या पायाला धक्का लागेल म्हणून.

"काय सांगू वन्सं, दोन झबली झाली, पण गादीचा मऊपणा काही वर येत नाही. कुठे जातो देव जाणे."

वन्सं भिंतीकडे बघत होत्या. "दुकानदार मेले असेच. चांगलं फैलावर घे त्या बाईला."

"घेतेच. तुम्ही कशा आहात? चेहरा जरा उजळलाय."

"झोप लागते आताशा."

"औषध बदललं?"

"हं," वन्सं म्हणाल्या. "औषधच म्हण."

दुसऱ्या दिवशी टाकेवालीने दुकानात जाऊन त्या बाईला फैलावर घेतलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्या देखत, नवऱ्याने सकाळी काढून दिलेला स्पंज तिने काउंटरवर आपटला. "म्हातारी बघून काहीही गळ्यात मारता? चाळीस वर्षं गाद्या शिवल्यात मी. माझ्या घरच्या गादीवर मेलेलं माणूससुद्धा सुखात झोपेल, आणि तुमच्या या लबाडीच्या मालाने तिचा दगड केला!"

दुकानदारणीने चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर घेतला. तिचा चेहरा उतरला होता. "काकू, लबाड नका म्हणू. चुकले असेन, पण लबाड नाही मी."

बरोबर आलेला नवरा बाजूला उभा होता. एका पॅडवर तळवा ठेवून हळूहळू दाबत होता.

"या इकडे," दुकानदारीण म्हणाली. मांडून ठेवलेल्या गाद्यांतली सगळ्यांत मऊ गादी तिने दाखवली. "हिच्यावर पडा आधी. पडा हो, लाजता काय."

टाकेवालीने चपला काढल्या आणि भर दुकानात आडवी झाली. मऊ होती. सावरीची सर नाही, पण मऊ. मग बाईने तिला उठवलं आणि गादीवर एक पातळ झबलं चढवलं. बनियनच्या कापडाचं, विणलेलं, ताणलं की ताणणारं, आतून इवलासा लेप, आवाज नाही. कडाही त्याच कापडाच्या, गादीला न आवळता नुसत्या बिलगणाऱ्या.

"आता पडा."

टाकेवाली पडली. खांदा आत गेला, खुबा आत गेला. तिने तळवा फिरवला. खालच्या गादीचा टाकान् टाका हाताला लागत होता, कडेची शिवणसुद्धा. ती डोळे मिटून थोडा वेळ तशीच राहिली. राग ओसरला, कारण चांगलं काम हाताला कळल्यावर तिला राग धरता येत नसे.

"हे झबलं बरोबर आहे," ती म्हणाली. "खाली जे आहे तेच वर येतं."

"पॅडने तेवढंच करायचं असतं, काकू."

"फारच पातळ आहे हे," नवरा म्हणाला. "टिकायचं नाही. मला तर ते मघाचं..."

"हेच घेणार मी."

"अगं, निदान..."

"तुम्ही घड्याळं बघा हो. गाद्या मला कळतात."

घरी आल्यावर पुन्हा तेच. "तू हातपाय धू, मी घालतो." ती तोंड धुऊन आली तोवर पलंग तयार होता. एकीऐवजी दोन चादरी घातल्या होत्या. "गारठा पडलाय," तो म्हणाला आणि एक बंद पडलेलं घड्याळ घेऊन टेबलाशी जाऊन बसला.

टाकेवाली आडवी झाली. टणक लागलं. आता टणक लागायचं काही कारण उरलं नव्हतं. त्या झबल्यावर ती तासापूर्वी झोपून आली होती. अंगठा सवयीने चकती शोधायला गेला. चकती नव्हती. एक वीत पुढे गेला, तिथेही नव्हती. तळव्याला लागत होते ते खोल खोल ओढलेले टाके, एकेक खड्डा, खड्ड्यात गाठ. तिने गाल गादीला टेकवला. दोन चादरी आणि झबल्यातूनही वास आला. दुखण्याच्या मलमाचा, जो वन्संच्या खोलीत शिरलं की यायचा.

ती उठली. चादरी ओढल्या. झबल्याचा कोपरा उचलला. कंबर काय म्हणते ते तिने ऐकलं नाही. खाली निळ्या पट्ट्यांची, विटलेली खोळ होती. वन्संची. वीस वर्षांपूर्वी तिनेच आवळून आवळून शिवलेली.

ती पलंगाच्या काठावर बसली. नात्यातली प्रत्येक गादी तिच्या हातची. त्यामुळे कुठल्याही गादीचा कोपरा चाचपला तरी तिची स्वतःचीच गाठ हाताला लागणार होती. तिच्याच गाठीने तिला फसवलं होतं, आणि गाठ बघताना तो दारात उभा होता.

"अहो."

"हं." भिंग डोळ्याला तसंच.

"माझी गादी कुठाय?"

घड्याळातला चिमटा थांबला. त्याने भिंग काढलं नाही.

"ताईला फार त्रास होत होता गं," तो म्हणाला. "रात्रंदिवस कण्हायची. मला म्हणाली, तुझ्या बायकोच्या गादीवर एकदा पडले होते, तेवढीच काय ती झोप झाली माझी."

"आणि मी लेकीकडे गेलेली बघून नेलीत."

"हातगाडीवाला मिळेना दोन दिवस."

टाकेवालीला लेकीचे ते जास्तीचे दोन दिवस आठवले. "तिला फोन तुम्ही केलात?"

"तिला कशासाठी ते नाही सांगितलं. नुसतं ठेवून घे म्हटलं."

"मला विचारलं असतंत तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो," ती म्हणाली. "नाहीच म्हणाले असते. भांडलेही असते. आणि सावरी विकत आणून पंधरा दिवसांत वन्संना दुसरी मऊ गादी शिवून दिली असती. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? एकोणचाळीस वर्षं काय बघत होतात, नुसते काटे?"

"तिला तीच हवी होती."

"आणि हे झबलं? ते सावरीच्या काळजीने आणलंत ना? मी शेजारणीला बोलावून दाखवलं हो. म्हटलं, बघ, ह्यांनी आणलं." तिने निळ्या खोळीवर तळवा आपटला. "गादी नेलीत, एकवेळ नेलीत. पण दुकानात तळवा कशाला दाबत होतात? मी त्या बाईला चारचौघांत लबाड म्हणाले, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे राहून पॅड दाबत होतात."

त्याने भिंग काढलं. डोळ्याभोवती त्याचा गोल वळ उठला होता.

"उद्या परत आणतो," तो म्हणाला.

"मोडक्या खुब्याच्या माणसाच्या अंगाखालून ओढून आणणार? आणि मग मी तिच्यावर झोपणार? नको. उद्या तुम्ही दुकानात चला. मला जे सांगितलंत ते त्या बाईला सांगा."

गेले. दुकान नुकतंच उघडलं होतं. तो काउंटरशी उभा राहिला, घसा खाकरला, तळवे कुठे ठेवावे ते त्याला कळेना.

"तुमचा माल चांगला होता. तिन्ही. म्हणजे पहिला जरा चुरचुरत होता. पण गादी... गादी मी बदलली होती. हिला ठाऊक नव्हतं."

दुकानदारीण त्याच्याकडे बघत राहिली, मग टाकेवालीकडे. टाकेवालीला वाटलं, आता ही हसेल, नाहीतर खडसावेल. कालच्या शिव्या व्याजासकट परत देईल. ती तयार होऊन आली होती.

"काकू," बाई म्हणाली, "बसा. पाणी आणते."

ती कीव टाकेवालीला भांडणापेक्षा जड गेली. "माझं चुकलं बाई," एवढंच तिला म्हणता आलं. पाणी तिने घेतलं, कारण न घेणं बरं दिसलं नसतं.

घरी न जाता ती तशीच वन्संकडे गेली. पातळ झबलं पिशवीत घालून सकाळी बरोबर घेतलंच होतं. नवरा गल्लीच्या तोंडाशीच थांबला.

तिच्या हातात डबा नाही, हे बघताच वन्संनी डोळे मिटले. झोपेचं सोंग त्यांना चांगलं जमत नसे, पापण्या हलायच्या.

"वन्सं, जरा कुशीवर व्हा."

"नेणार आहेस?"

"नाही."

"मग?"

"झबलं घालतेय. तुम्हाला उठता येत नाही, पाणी सांडतं, औषध सांडतं. सावरीला ओल चालत नाही."

तिने मोठी चादर बाजूला सारली. लाल चकत्या ओळीने होत्या. एकीला पातळ औषधाचा डाग पडला होता. कंबर सांभाळत, वन्संना इकडे तिकडे कलवत, तिने झबलं चढवलं. कुठे ताण नाही, कुठे सुरकुती नाही. शेवटचा कोपरा बसवताना तिचा अंगठा चकतीवर गेला आणि थोडा वेळ तिथेच राहिला. झबल्यातून ती अगदी स्पष्ट लागत होती.

"रागावलीस?" वन्सं भिंतीला विचारत होत्या.

"फैलावर घे म्हणाला होतात ना वन्सं? त्या बाईला घेतलं. आता कुणाला घेऊ, ते सांगा."

वन्संनी तोंड उशीत खुपसलं. त्यांचं डोकं मागून फार लहान दिसत होतं. टाकेवालीने चादर त्यांच्या खांद्यापर्यंत ओढली, कारण उघडा खांदा तिला बघवला नाही, आणि बाहेर पडली. डबा दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नेऊ लागली. पण आता उभ्या उभ्या देऊन निघायची, खुर्चीत बसायची नाही.

सावरीची बोंडं पडायला लागली तेव्हा नवरा खिळ्याची काठी घेऊन कालव्यावर गेला. पिशव्या भरून आणल्या. गच्चीत बसून सरकी काढली, शिंकला, डोळे सुजवले. टाकेवालीने नको म्हटलं नाही, बरं झालंही म्हटलं नाही. तिने नवी गादी शिवली. चार बोटं सावरी, सैल टाके, लाल चकत्या अठ्ठावीस. दुकानातून तसलंच पातळ झबलं आणलं. दुकानदारणीने तिला कपाटातून नेमकं तेच काढून दिलं, काही न विचारता.

गादी पहिल्यासारखीच मऊ आहे. खांदा आत जातो, खुबा आत जातो. पण दुपारी पडायच्या आधी टाकेवाली आता पलंगापाशी उभी राहते. झालरीखाली हात घालून कोपऱ्याची गाठ बघते, मग झबल्यावरून तळवा फिरवत एकेक चकती चाचपते. नवरा टेबलाशी बसून भिंगाआडून बघत असतो.

"तीच आहे गं," तो म्हणतो.

"हो," ती म्हणते, "गाठ तर माझीच आहे," आणि अठ्ठाविसाव्या चकतीपर्यंत हात फिरवत राहते.